कोशात नसलेला बदाम



'बिस्किट' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या पोटात काय दडले आहे ते बघायचे राहूनच जाते. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले किंवा भाजलेले. त्याचे इटालियनमध्ये झाले 'बिस्कोत्तो', आणि फ्रेंच-इंग्रजीच्या वाटेने 'बिस्किट' होऊन ते आपल्या चहाच्या बशीत येऊन बसले. म्हणजे बिस्किट हे खरे तर 'द्विज' म्हणायला हवे! संस्कृतात दातालाही द्विज म्हणतात, कारण तो दोनदा येतो. आज ज्या बिस्किटाबद्दल लिहिणार आहे ते इतके कडक असते की एका द्विजाने दुसऱ्या द्विजाची परीक्षाच बघावी. (माझ्या वयाच्या वाचकांनी हे वाक्य मनावर घ्यावे.)

आता आपल्याकडची क्रीमची आणि ग्लुकोजची बिस्किटे काही कोणी दोनदा भाजत नाही. पण बेकरीतला टोस्ट आठवा. आधी पाव भाजायचा, मग त्याचे काप करून पुन्हा भट्टीत घालायचे. नावाला जागणारे बिस्किट ते. इटलीत तस्कनी नावाचा प्रांत आहे, फ्लोरेन्स ज्याची राजधानी. तिथे फ्लोरेन्सच्या वायव्येला जवळच प्रातो नावाचे शहर आहे. त्या प्रातोचे बदाम घातलेले बिस्किट प्रसिद्ध आहे. त्याला कोणी 'प्रातोचे बिस्कोत्ती' म्हणतात, कोणी 'कान्तुच्ची' म्हणतात. माझा भाचा कामानिमित्त तिकडे गेला होता, त्याने येताना निळ्या कागदात दोरीने बांधलेले एक पुडके आणले. इतिहासाच्या शिक्षिकेच्या हातात पुडके पडले की ती आधी खाते आणि मग सनावळी शोधते. तसेच झाले. आणि शोधता शोधता जे हाती लागले ते मला बिस्किटापेक्षाही चविष्ट वाटले, म्हणून हा लेख.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. मैदा, साखर, अंडी, साल न काढलेले अख्खे बदाम आणि थोडे पाइनच्या झाडाचे दाणे, म्हणजे आपले चिलगोजे असतात ना, त्यांच्याच जातीचे. बस्स. जुन्या प्रातो पद्धतीत लोणी नाही, तेल नाही, दूध नाही. पीठ भिजवून त्याच्या लांबट, चपट्या वळ्या करतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच तिरके काप करतात. काही ठिकाणी ते काप पुन्हा भट्टीत ठेवतात, काही ठिकाणी तसेच वाळू देतात. कापताना बदामही कापला जातो, त्यामुळे प्रत्येक कापावर बदामाची पांढरी, तपकिरी कडेची चकती दिसते. स्निग्ध पदार्थ घातलेला नसल्यामुळे ते खुसखुशीत होत नाही, कडक होते. म्हणून तिकडे ते जेवणानंतर 'विन सांतो' नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवून खातात. ही वाइन द्राक्षे आधी महिनोन् महिने वाळवून मग करतात आणि माळ्यावरच्या छोट्या पिंपांत काही वर्षे मुरवतात. मी अर्थातच चहात बुडवले. चहाने काही तक्रार केली नाही :-)

दोनदा भाजायची गरज कोणाला पडली? खलाश्यांना. पावात ओल राहिली तर चार दिवसांत बुरशी येते; ओल पूर्ण काढली तर तोच पाव महिनोन् महिने टिकतो. व्हेनिसच्या आरमाराची जी मोठी गोदी होती तिच्याजवळ पंधराव्या शतकात अशा कोरड्या पावाच्या सरकारी भट्ट्या होत्या. जेनोआ हे दुसरे मोठे बंदर. तिथल्या गलबतांवरही हेच अन्न. त्यात साखर नव्हती, अंडे नव्हते, बदाम तर दूरच राहिला. ते पोट भरण्यासाठी होते. पुढे साखर जसजशी हाताशी येऊ लागली तसतसे या गरिबाच्या, प्रवाशाच्या अन्नाचे श्रीमंतांच्या ताटातले गोड झाले. आपल्याकडेही शिदोरीचे पदार्थ सणाचे झालेले आहेतच की!

आता कान्तुच्ची. हा शब्द एका फार मोठ्या कोशात सापडतो, आणि त्या कोशाची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्लोरेन्समध्ये १५८३ साली काही विद्वानांनी भाषेच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. नाव ठेवले 'आकादेमिया देल्ला क्रुस्का'. क्रुस्का म्हणजे कोंडा! पीठ चाळल्यावर वर जो राहतो तो. भाषेतला कोंडा काढून शुद्ध पीठ ठेवायचे, ही कल्पना. संस्थेचे बोधचिन्ह पीठ चाळायचे यंत्र. सभासदांनी टोपणनावे घेतली तीही गहू, पीठ, पाव यांच्यावरून. भट्टीत पाव सरकवायला लांब दांड्याचे लाकडी फावडे असते, त्या आकाराच्या फळ्यांवर प्रत्येकाचे चिन्ह रंगवलेले असे. भाषेचे काम इतक्या खेळकरपणे केलेले पाहिले की मराठी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या बाईला हेवा वाटणारच. ही संस्था आजही चालू आहे.

या मंडळींनी १६१२ साली इटालियन भाषेचा कोश छापला. युरोपातल्या बोलभाषांच्या मोठ्या कोशांमधला हा एक आद्य कोश. त्याची तिसरी आवृत्ती आली १६९१ मध्ये. या आवृत्तीच्या कामात फ्रांचेस्को रेदी नावाचा एक वैद्य होता. विज्ञानाच्या शिक्षकांना हे नाव ओळखीचे वाटेल. कुजलेल्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून होतात, हे १६६८ साली बरण्यांवर कापड बांधून दाखवणारा तोच हा रेदी. एकच माणूस अळ्यांचाही हिशेब ठेवतो आणि शब्दांचाही. (तेव्हा इकडे आपले राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. आणि त्याआधी दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. चाळणी आपल्याकडेही फिरत होती, फक्त आपल्या चाळणीत फार्सी शब्द अडवायचे होते.)

तर या १६९१ च्या आवृत्तीत 'कान्तुच्चो' या शब्दाचा अर्थ दिला आहे: उत्तम बारीक पिठाचे, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक घालून केलेले, कापांचे बिस्किट.

वाचलेत ना? पुन्हा वाचा. पीठ आहे, साखर आहे, अंडे आहे, काप आहेत. बदाम नाही!

मी शाळेत मुलांना सांगत असे की कोशात एखादी गोष्ट नाही म्हणजे ती जगात नव्हतीच असे ठरत नाही. कोशकार थोडक्यात लिहितो. शिवाय इटलीला बदाम नवा नव्हता. सिसिलीत, दक्षिणेत बदामाच्या बागा फार जुन्या. तेव्हा कोणाच्या तरी घरी बदाम घातलेला कान्तुच्चो त्याही वेळी होत असेल. पण एवढे नक्की की ज्यांनी शब्द चाळून चाळून निवडले, त्यांना कान्तुच्चो ओळखण्यासाठी बदामाची गरज वाटली नाही. आज बदाम नसलेला कान्तुच्चो म्हटले तर तस्कनीचा माणूस तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल.

दुसरा कागद अठराव्या शतकातला. प्रातोचे एक विद्वान होते, आमादिओ बाल्दान्त्सी. त्यांच्या एका हस्तलिखितात या बिस्किटाची कृती मिळते, आणि तीच सगळ्यांत जुनी लिखित कृती मानली जाते. ते हस्तलिखित प्रातोच्या सरकारी दफ्तरखान्यात आहे. गंमत बघा, प्रातोचा अभिमान असलेल्या या बिस्किटाला प्रातोच्याच त्या कागदात नाव काय दिले आहे? जेनोआचे बिस्किट! जेनोआ बंदर, खलाशी, कोरडा पाव, हे सगळे आठवले की नाव असे का पडले असावे याचा अंदाज करता येतो. पण तो माझा अंदाज. कागद एवढेच सांगतो की त्या काळी खुद्द प्रातोतही या वस्तूवर दुसऱ्या गावाचे नाव होते.

या दफ्तरखान्याबद्दलही दोन शब्द. तो ज्या वाड्यात आहे तो फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याचा. दातिनी जन्मला साधारण १३३५ च्या सुमारास. १३४८ च्या भयंकर प्लेगने त्याला पोरके केले. पोरवयातच फ्रान्समधल्या आव्हिन्योला गेला, व्यापार केला, गडगंज झाला आणि मग प्रातोला परतून त्याने वाडा बांधला. १४१० मध्ये तो वारला तेव्हा औरस मूलबाळ मागे नव्हते, जवळजवळ सगळी संपत्ती त्याने गावातल्या गरिबांसाठी ठेवली. याला एक खोड होती, कागद टाकायचा नाही. त्याच्या कोठीची सुमारे दीड लाख पत्रे १८७० साली सापडली. मध्ययुगातला व्यापारी कसा जगत होता हे आज जगाला कळते ते बरेचसे या एका माणसाच्या खोडीमुळे. अशा माणसाच्या घरात आता बिस्किटाची कृती जपलेली आहे, हे मला फार आवडले.

आणि प्रातोचा मूळ धंदा? कापड. त्यातही गेल्या दीडशेहून जास्त वर्षांपासून एक खास काम, जगभरातून आलेल्या लोकरीच्या चिंध्या निवडायच्या, पिंजायच्या आणि त्यातून पुन्हा सूत काढून नवे कापड विणायचे. आपल्याकडे हेच काम कुठे चालते माहीत आहे? पानिपतला! मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ शिवाय काही सुचत नाही, पण जुन्या लोकरी कपड्यांचे सूत करण्यात आज तेही मोठे नाव आहे. दोनदा भाजलेला पाव आणि दोनदा कातलेली लोकर. गावाचा स्वभाव म्हणा हवे तर.

आता येतो आपला मुख्य माणूस. अंतोनिओ मात्तेई. १८५८ साली त्याने प्रातोत बिस्किटांचे दुकान घातले. तेव्हा इटली नावाचा एक देश अजून व्हायचा होता. प्रातो तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या राज्यात होते, आणि पुढच्याच वर्षी ड्यूक गाशा गुंडाळून गेला. मात्तेईने बिस्किटाची कृती नीट बसवली. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या बिस्किटांचा खास उल्लेख झाला आणि जेनोआचे नाव मागे पडून प्रातोचे नाव पुढे आले. राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. एका दुकानदाराने रोज तीच वस्तू तशीच केली, एवढाच हा पराक्रम.

पण नावाचा घोटाळा इथेही संपत नाही बरे! दुकानाच्या जुन्या पाटीवर लिहिले आहे 'कान्तुच्ची बनवणारा'. लोक पाटी वाचत आत जात, बदामाचे बिस्किट घेऊन बाहेर येत, आणि त्यालाच कान्तुच्ची म्हणत. मात्तेईच्या दुकानात मात्र कान्तुच्ची ही वेगळी वस्तू होती, बडीशेपेसारख्या वासाचे दाणे घातलेली, पावाच्या पिठाची. बदामाच्या वस्तूचे दुकानातले नाव 'प्रातोचे बिस्कोत्ती'. म्हणजे एकाचे नाव दुसऱ्याला लागले आणि ते कायमचे चिकटले. भाषा शिकवणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. शब्दांचे असेच असते, ते पाटीवर लिहिल्याप्रमाणे वागत नाहीत.

मात्तेईची आठवण ज्याने प्रेमाने लिहून ठेवली तो माणूस म्हणजे पेल्लेग्रीनो आर्तुझी. हा स्वयंपाकी नव्हे, व्यापारी. फ्लोरेन्समध्ये व्यापार केला आणि म्हातारपणी घरगुती पाककृतींचे पुस्तक लिहिले. प्रकाशक मिळेना. शेवटी १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पदरमोड करून एक हजार प्रती छापल्या. (ब्लॉगर मंडळी, धीर धरा!) पुढे पुस्तक एवढे गाजले की घरोघरच्या बायका पत्रे लिहून आपापल्या कृती कळवू लागल्या आणि आवृत्तीगणिक पुस्तक जाड होत गेले. ४७५ कृतींचे ७९० वर गेले. प्रांताप्रांतांत विभागलेल्या नव्या इटलीला एक स्वयंपाकघर मिळाले ते या पुस्तकामुळे, असे म्हणतात. आपल्याकडे १९७० मध्ये आलेल्या 'रुचिरा'ने नव्या संसारांसाठी जे केले, त्याची आठवण झाली. अशा पुस्तकात प्रातोच्या एका मिठाईवाल्याबद्दल 'भला माणूस' असे हळहळून लिहिलेले आहे. प्रदर्शनातल्या मानापेक्षा मला तो शब्द मोठा वाटतो.

मात्तेईचे दुकान आजही आहे, पण मात्तेईच्या घराण्याकडे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पांडोल्फिनी कुटुंबाकडे आले आणि तेव्हापासून तेच चालवतात. नाव मात्तेईचे, पाटी मात्तेईची, निळा कागद तोच, हात दुसरे. शिवाय २०१६ मध्ये युरोपीय संघाने 'तस्कनीची कान्तुच्ची' या नावाला भौगोलिक ओळखीचे संरक्षण दिले, आपल्याकडे हापूसला किंवा नागपूरच्या संत्र्याला आहे तसे. आता कोणी चीनमध्ये किंवा अमेरिकेत बसून 'तस्कनीची कान्तुच्ची' म्हणून युरोपात विकू शकत नाही. व्यापाराच्या दृष्टीने योग्यच आहे. करणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न असतो.

पण आता सगळे कागद एका ओळीत मांडून बघा. कोशात बदाम नाही. जुन्या कृतीवर नाव जेनोआचे. पाटीवरचे नाव दुसऱ्याच बिस्किटाचे. दुकान चालवणारे मूळ मालकाच्या वंशातले नाहीत. आणि तरीही प्रातोत जाऊन कोणालाही विचारा, हे आमचे पिढीजात बिस्किट आहे असेच तो सांगेल, आणि त्यात काही खोटे नाही.

हे मी एवढे तपशिलाने का लिहिले? नातेवाईक मंडळींना एव्हाना कळले असेल. गेल्या दिवाळीपासून आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शंकरपाळ्यांवरून जे चालले आहे ते मी वाचते आहे. वहिनींचे मनगट आता लाटण्याला साथ देत नाही. भाचेसुनेने हौसेने शंकरपाळी केली, पण कणकेची, भट्टीत भाजलेली, वर बदामाचे काप लावून. त्यावर कोणी लिहिले की ही आपल्या घरची शंकरपाळी नव्हेत, आईच्या हातची चव बुडाली. मग तीही बिचारी गप्प झाली, आणि यंदा करणार नाही म्हणते.

आईची शंकरपाळी मीही खाल्ली आहेत. ती डालड्यात तळलेली असत, कारण साठच्या दशकात एवढे साजूक तूप आणायचे कुठून? आई स्वतः सांगायची की आजी गुळाच्या पाण्यात पीठ भिजवायची आणि तुपात तळायची; साखरेची, डालड्याची शंकरपाळी म्हणजे आजीच्या मते 'शहरी थेरं'. डालडा बाजारात आला १९३७ साली. म्हणजे ज्या चवीला आपण आज घराण्याची चव म्हणतो आहोत, ती आजीच्या दृष्टीने कालची होती. आजीने तेव्हा नाक मुरडले खरे, पण आईला लाटायचे थांबवले नाही. थांबवले असते तर आज भांडायला काही उरलेच नसते.

याचा अर्थ वाटेल ते करावे आणि त्याला परंपरा म्हणावे, असे मी म्हणत नाही. मात्तेईने मनाला येईल ते केले नाही. त्याने प्रमाण ठरवले आणि रोज सांभाळले, म्हणून तर नाव राहिले. कृती लिहून ठेवावी, कोणी कधी काय बदलले तेही लिहून ठेवावे. दातिनीसारखा कागद जपावा. वहिनींच्या हातचे माप, पिठात मोहन किती, पाणी किती, हे सगळे भाचेसुनेने त्यांच्याजवळ बसून वहीत उतरवून घ्यावे, आणि त्याच्या खाली आपली भट्टीची पद्धत आपल्या नावाने लिहावी. नावे दोन्ही राहू देत. पुढच्या पिढीतली कोणी ती वही वाचेल तेव्हा तिला ठरवता येईल.

कोशकारांच्या चाळणीतून बदाम निसटला, तरी तो बिस्किटात आहेच. कोणी घातला त्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही. प्रातोतली, जेनोआतली किंवा आणखी कुठली तरी एखादी सून असेल, सासूने 'हे काय नवीन?' म्हणून विचारलेही असेल. पण घरातल्यांनी खाल्ले, पुन्हा मागितले, आणि ते चालत राहिले. एवढेच आपल्याला ठाऊक आहे, आणि मला तेवढे पुरते.

असो. लेख लांबला. शाळेतली सवय, घंटा झाल्याशिवाय थांबवत नाही. तुमच्या घरात कोणत्या पदार्थाची कृती कोणी आणि कधी बदलली हे आठवत असेल तर जरूर कळवा; मी माझ्या वहीत उतरवून ठेवीन.

लोभ आहेच, तो वाढावा.